रास्पबेरी पायवर दोन डिस्कांचा रेड: करावा की करू नये?

मधली_सुट्टी
नमस्कार मंडळी,

बाबांचा कराडला फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो, पासपोर्ट साइज अर्ध्या तासात. स्टुडिओ बंद केला तेव्हा डिजिटल काळातला सगळा ऐवज पाच पोर्टेबल डिस्कांवर होता. प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात मार्करनं लिहिलेलं: 'तुळशीच्या लग्नानंतर २००९', 'मे सीझन २०१२', असं. गेल्या दिवाळीत त्यातली एक लावली तर आतून पाल चुकचुकावी तसा आवाज. 'मे सीझन २०१२' गेला. त्या मे महिन्यात कराडात ज्यांची लग्नं झाली त्यांची इथेच क्षमा मागतो.

उरलेल्या चार डिस्कांवरचं सगळं मिळून २.६ टीबी भरतंय. माझ्याकडे (पुण्यात) लॉकडाउनमध्ये हौसेनं घेतलेला रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक) पडून आहे, ४ जीबीवाला. ४ टीबीची एक पोर्टेबल डिस्क घेतलीय, तशीच दुसरी घेऊन दोन्हींचा रेड १ करायचा (दोन डिस्का जोडून एक, दोन्हींवर सतत तेच) आणि पायला लावून ठेवायचा असा बेत आहे. म्हणजे एक डिस्क मेली तरी दुसरी आहे. लिनक्स थोडंफार येतं, कमांड टाकायला घाबरत नाही, टाकल्यानंतर घाबरतो.

बेत बरोबर आहे का? आणि पायला हे झेपेल का?

सुतळी_बॉम्ब
शीर्षक वाचून वाटलं आयकरवाले आले. धागा बंद करून आधी कपाट बघून आलो.

फणसपोळी
आणि मला पायावर रेड म्हटल्यावर आळता आठवला. चालू द्या.

टर्मिनलबुवा
बेत निम्मा बरोबर आहे. कुठला निम्मा ते सांगतो.

रेड १ म्हणजे दुकानातलं कार्बन लावलेलं बिलबुक. वरच्या पानावर लिहाल ते त्याच क्षणी खालच्या पानावर उमटतं. वरचं पान फाटलं, त्यावर चहा सांडला, तर खालचं आहे. गिऱ्हाईक खोळंबत नाही. पण वर पाचशेच्या जागी पाच हजार लिहिलेत तर खालीही पाच हजारच. बिलबुकाला चूक कळत नाही, दाब कळतो.

रेड ० चं नाव कोणी काढलं तर कानावर हात ठेवा. त्यात अर्धा मजकूर एका डिस्कवर आणि अर्धा दुसरीवर. वेग वाढतो, पण दोघींतली कुठलीही एक गेली की सगळंच गेलं. रेड ५ ला किमान तीन डिस्का लागतात. कल्पना साधी आहे: दोन रकमा आणि त्यांची बेरीज, या तिघांतलं कुठलंही एक पुसलं गेलं तरी उरलेल्या दोघांवरून काढता येतं. ती 'बेरीज' आळीपाळीनं तिन्ही डिस्कांवर लिहिली जाते. पायवर मी ते करणार नाही, यूएसबीवर तर नाहीच नाही.

झेपण्याचं म्हणाल तर झेपेल. मिररिंगमध्ये, म्हणजे रेड १ मध्ये, प्रोसेसरला फारसं कामच नसतं. पाय ४ ला यूएसबी ३ ची दोन निळी तोंडं आहेत आणि नेटवर्क खरंखुरं गिगाबिट आहे, म्हणजे घरातल्या वायरवरून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. पाय ३ वर यूएसबी २ आणि नेटवर्क एकाच नळातून यायचं, तिथे हा प्रकार म्हणजे एका बादलीसाठी रांग.

एडिसनची_आत्या
बुवांनी सगळं सांगितलं, विजेचं राहिलं. नेहमीप्रमाणे.

पाय ४ आपल्या चारही यूएसबी तोंडांना मिळून १.२ अँपिअर देतो. चारही मिळून, एकेकाला नव्हे. २.५ इंची पोर्टेबल डिस्कला स्वतःचा अडॅप्टर नसतो, ती जगते याच तोंडावर. फिरत असताना तिचं भागतं, पण बंद अवस्थेतून फिरायला लागताना ती क्षणभर एकटीच एक अँपिअरच्या घरात ओढू शकते. तुम्ही दोन लावणार आणि वीज आली की दोघी एकदम उठणार. मग काय होतं? व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय कुरकुरतो, स्क्रीन असेल तर कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं. तुमच्या पायला स्क्रीन नसणार, म्हणजे तेही दिसणार नाही. दिसेल ते एवढंच की रेडमधून अधूनमधून एक डिस्क 'पळून' जाते. लोक डिस्कला शिव्या देतात, केबल बदलतात, इथे धागे काढतात. दोष असतो विजेत.

पाय ५ वरही हेच पथ्य. तिथे ५ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर यूएसबीला १.६ अँपिअर मिळतात, साधा ३ वाला लावला तर फक्त ०.६.

सरळ उपाय: ३.५ इंची डिस्का आणि त्यांना बसवायला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेला दोन खणांचा डॉक. पायकडून फक्त डेटा, वीज भिंतीतून.

आणि पायला मोबाइलचा चार्जर लावू नका. हे विचारलं नव्हतंत, पण लावलेला असणार.

मधली_सुट्टी
@आत्या, लावलेला होता. आत्ताच काढला.

डॉक बघितले. काहींच्या मागे रेड ०, रेड १ असं लिहिलेलं बारकं बटणच असतं. मग लिनक्सच्या भानगडीत न पडता तेच दाबलं तर?

टर्मिनलबुवा
नका. बटणवाल्या डॉकमध्ये डिस्कांवर नेमकं काय आणि कसं लिहायचं हे त्यातली चिप ठरवते. उद्या डॉक जळला तर तसाच डॉक शोधत लॅमिंग्टन रोडवर फिरावं लागेल, आणि तोवर ते मॉडेल बंद झालेलं असेल. शिवाय आत एक डिस्क मेली तर पायला पत्ता लागत नाही, त्याला बिचाऱ्याला एकच डिस्क दिसत असते.

त्यापेक्षा लिनक्सचा स्वतःचा रेड, म्हणजे एमडी. तो चालवणारं एमडीएडीएम नील ब्राउननं लिहिलं आणि दोन्ही वर्षानुवर्षं सांभाळलं. त्यात प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीलाच 'मी अमुक कुटुंबातली, माझा नंबर अमुक' असं लिहिलेलं असतं. पाय जळू दे, डॉक जळू दे, डिस्क उचला, कुठल्याही लिनक्सच्या संगणकाला लावा, ओळख पटते. स्वस्त डॉक दोन्ही डिस्कांचा सिरियल नंबर एकच सांगतात, त्यानंही एमडीचा गोंधळ होत नाही, तो आपलंच कुंकू बघतो.

बटण असलेला डॉक घेतलात तर ते साध्या मोडवर ठेवा आणि वर चिकटपट्टी लावा. सफाई करताना दाबलं जातं.

परसदार
सगळ्यांच्या उत्साहात खडा टाकतो. यांना रेड कशाला हवा आहे?

मिरर लागतो तो 'काम थांबू नये' म्हणून. बँक आहे, दवाखाना आहे, डिस्क मेली तरी दुपारी बारा वाजता रांग हलत राहिली पाहिजे. मधली_सुट्टींच्या बाबांच्या फोटोंची दुपारी बारा वाजता कुठली रांग आहे? डिस्क मेली, दोन दिवस फोटो दिसले नाहीत, तर काय बिघडलं?

माझ्याकडे मिरर होता. भाच्यानं 'जागा कमी दिसतेय मामा' म्हणत 'जुनं' नावाचा फोल्डर उडवला. मिररनं इमानेइतबारे दोन्हीकडून उडवला, तेही भाच्याचं बोट कळवरून उठायच्या आत. तेव्हापासून माझ्याकडे दोन सुट्या डिस्का. एकीवर काम, दुसरीवर रोज रात्री दोनला आरसिंक (बदललेल्या फायली कॉपी करणारी कमांड). बास.

टर्मिनलबुवा
@परसदार, आणि भाच्यानं संध्याकाळी उडवलेला फोल्डर रात्री दोनला तुमचा आरसिंकही उडवतो, डिलीट चालू असेल तर. नसेल तर दुसऱ्या डिस्कवर वर्षभराचा उकिरडा साठतो. तुम्हाला मिररपेक्षा फक्त झोपेपर्यंतचा वेळ जास्त मिळाला.

परसदार
बुवा, दाढी उगाच पांढरी केली नाही. रोजच्या तारखेचा वेगळा फोल्डर होतो. न बदललेल्या फायली नव्यानं कॉपी होत नाहीत, कालच्या फायलीलाच हार्डलिंक लागते, म्हणजे त्याच फायलीला आणखी एक नाव. तीस दिवसांचे तीस फोल्डर, जागा जेमतेम एकाचीच. भाच्यानं कितीही उडवू दे, परवाच्या फोल्डरमध्ये जाऊन घेऊन येतो. मिररमध्ये परवा नसतो, फक्त आत्ता असतो.

टर्मिनलबुवा
हे मान्य. पण दुपारी तीनला टाकलेले फोटो आणि चारला मेलेली डिस्क? तुमचे ते गेले.

परसदार
गेले. कॅमेऱ्याच्या कार्डावर असतात तोवर. बाबांचा स्टुडिओ बंद झालाय, बुवा. नवीन फोटो कुठून येणार?

सुतळी_बॉम्ब
(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. दोन वाट्या, एकीत दुसरीची कॉपी.)

कृष्णाकाठ
मी सांगलीचा. फोटो लॅब. एवढं वाचलं आणि हात आवरेना म्हणून लिहितो, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

माझ्याकडं रेड होता. पायवरचा नव्हं, चांगला चार डिस्कांचा डबा, रेड ६. 'दोन डिस्का एकदम मेल्या तरी काही होत नाही साहेब' असं बसवणाऱ्यानं सांगितलेलं, आणि ते खरंच होतं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. दुकानात पाणी आलं ते काउंटरच्या वर. आम्ही प्रिंटर उचलला, कॅमेरे उचलले, गिऱ्हाइकांचे अल्बम माळ्यावर टाकले. डबा राहिला. कारण डोक्यात पक्कं बसलेलं की तो सुरक्षित आहे. दोन मेल्या तरी चालतं. चारही मेल्या.

आता गंमत ऐका. माझा मेव्हणा विट्याला असतो. त्यानं आदल्या वर्षी एक डिस्क नेलेली, गाणी भरून आणतो म्हणून. त्यात माझं २०१८ पर्यंतचं सगळं काम होतं. परत देईना म्हणून मी वर्षभर त्याच्याशी भांडत होतो, गणपतीला बोललो पण नव्हतो. पूर ओसरल्यावर ती डिस्क घेऊन तो स्वतः आला. गाणी भरलीच नव्हती.

आता माझा बॅकअप प्लॅन म्हणजे मेव्हणा. दर दोन महिन्यांनी एक डिस्क जाते, एक येते.

फणसपोळी
@कृष्णाकाठ, दंडवत. 'गाणी भरलीच नव्हती' ला डोळ्यांत पाणी आणि हसू एकदम.

चिंचगूळ
अवांतर: स्टुडिओवाले भेटलेत तर विचारून घेते. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीला कमळातून उगवायचं आणि नवऱ्याला ढगात तरंगवायचं, हे कोणी सुरू केलं?

कृष्णाकाठ
आम्ही नाही. गिऱ्हाइकानं शेजारच्या लग्नात बघितलेलं असतं. एकदा नवरदेवानं स्वतःच सांगितलं, मागं स्वित्झर्लंड टाका पण ट्रॅक्टर काढू नका. दोन्ही ठेवलं.

मधली_सुट्टी
बाबांकडे ढगांची तीन जातींची बॅकग्राउंड होती. साधे, संध्याकाळचे आणि 'स्पेशल'. तीही २.६ टीबीतच आहेत.

@कृष्णाकाठ, कराडलाही प्रीतिसंगमाकडून पाणी चढलं होतं तेव्हा. आमचं घर उंचावर म्हणून वाचलं. तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते फक्त 'मेव्हणा पाहिजे' म्हणाले.

सॅन_होजेचा_सदू
उशिरा आलो. थोडा इतिहास आणि दोन सूचना.

रेडची संकल्पना गाजवणारा निबंध १९८८ चा, बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा. त्यात मधला 'आय' होता इनएक्स्पेन्सिव्ह, म्हणजे स्वस्त. महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांची फौज. पुढे कंपन्यांनी हीच चीज महाग विकायला घेतली तेव्हा 'स्वस्त' शब्द अडचणीचा झाला, मग 'आय' चा अर्थ इंडिपेंडंट झाला. पायवरचा रेड म्हणजे मूळ अर्थाकडे परतणंच.

पहिली सूचना: ४ टीबीची २.५ इंची पोर्टेबल डिस्क जवळपास नक्कीच एसएमआर असते. कौलं एकावर एक चढवतात तसे त्यात डेटाचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचकावी लागते. नुसती भरून ठेवायला उत्तम, पण रेडमध्ये सतत लिहायला लागली की दम टाकते, इतका की कधीकधी रेड तिला मेली समजून बाहेर काढतो. २०२० मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता, कारण खास नाससाठी (नेटवर्कवरच्या फायलींच्या डब्यासाठी) म्हणून विकलेल्या काही डिस्का अशा निघाल्या. घेण्याआधी सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवलेली) आहे ना, ते मॉडेल नंबरवरून बघा.

दुसरी: दोन्ही डिस्का एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेऊ नका. जुळ्या बहिणी आजारीही एकदम पडतात.

आणि हो, एमडीचा मिरर एक गोष्ट करत नाही. दोन डिस्कांवरच्या प्रती वेगळ्या निघाल्या तर फरक आहे एवढं त्याला कळतं, खरी कुठली ते कळत नाही. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) प्रत्येक तुकड्याची खूणगाठ वेगळी ठेवते, त्यामुळे सडलेली प्रत कुठली ते ओळखून चांगलीवरून दुरुस्त करते. फोटोंसाठी मी त्याचाच रेड १ वापरतो. (त्याचा रेड ५ नको, तो अजून भरवशाचा नाही.)

टर्मिनलबुवा
@सदू, बरोबर. पण नवख्या माणसाला एमडी आणि वर साधी एक्स्ट४ फाइल सिस्टीम समजायला सोपी. बिघडलं तर रात्री अकराला इथे विचारता येईल आणि उत्तर येईल.

मधली_सुट्टी
ठरलं. पोर्टेबल डिस्क रेडमध्ये नाही. ४ टीबीच्या ३.५ इंची दोन डिस्का, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, बिनबटणाचा डॉक. पोर्टेबल डिस्कचं काय करायचं ते कळलंय, मेव्हणा शोधतोय.

ऑरेंजसिटी
पंखा लावजो भाऊ. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच ४२ ला असते, डिस्क बिचारी कुठे जाईन?

मधली_सुट्टी
(तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.)

झालं, आणि मग बिघडलं.

आधी झालेलं सांगतो. एमडीएडीएमला दोन्ही डिस्का दिल्या, रेड १ सांगितलं. 'या प्रकारचा रेड बूट करायला चालणार नाही कदाचित' असा इशारा आला. बूट एसडी कार्डावरून होतो, म्हणून वाय दाबलं. मग प्रॉकमधली एमडीस्टॅट फाइल उघडून बघितली तर दोन्ही डिस्का जुळवण्याचं काम सुरू, सेकंदाला साधारण ९५ एमबी. डिस्का कोऱ्या असल्या तरी सगळ्या ४ टीबी जुळवतात, बारा तास लागले. (तेवढ्यात वापरता येतं हे नंतर कळलं. मी रात्रभर शेजारी बसलो होतो.) जागा दिसली ३.६ (संगणकाचं मोजायचं माप वेगळं असतं). दुकानदारानं फसवलं म्हणून फोन करणार होतो, बायकोनं थांबवलं.

आता बिघडलेलं. काल वीज गेली. आली तेव्हा पाय उठलाच नाही. नेटवर्कवर दिसेना. टीव्हीला जोडून बघितलं तर इमर्जन्सी मोड. आत शिरून पाहिलं तर माझा एमडी० (रेडचं नाव) गायब आणि त्याच्या जागी एमडी१२७ नावाचा कोणी पाहुणा.

टर्मिनलबुवा
१२७ पाहुणा नाही, तुमचाच रेड आहे. नाव नोंदवलं नाहीत म्हणून त्यानं मागच्या बाकावर बसून घेतलं. प्रत्येकाच्या आयुष्यात तो एकदा येतोच.

तीन गोष्टी, याच क्रमानं. एमडीएडीएमला 'डिटेल' आणि 'स्कॅन' विचारा, जी ओळ देईल ती ईटीसीमधल्या एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलच्या शेवटी चिकटवा. मग इनिटरॅमएफएस (बूट होताना सगळ्यात आधी वाचला जाणारा गठ्ठा) नव्यानं बनवा, नाहीतर बूट होताना तो जुनीच यादी वाचतो. ही दुसरी पायरी नव्वद टक्के लोक विसरतात आणि मग म्हणतात फाइलमध्ये लिहिलं तरी १२७ च येतोय.

तिसरं, एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्का जोडायच्या त्या यादीत) एमडी० असं नाव लिहू नका, यूयूआयडी (तिचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा आणि पुढे 'नोफेल' शब्द घाला. त्याचा अर्थ: ही डिस्क नसली तरी उपाशी राहू नको, जेवून घे. तो नसला की पाय दाराशी वाट बघत बसतो आणि शेवटी इमर्जन्सीत जातो.

सॅन_होजेचा_सदू
हात घातलाच आहे तर अजून एक. एक्स्ट४ आपणहून पाच टक्के जागा रूटसाठी (सिस्टीमच्या मालकासाठी) राखून ठेवतो. ४ टीबीवर ती २०० जीबी होते. नुसत्या डेटाच्या डिस्कवर तिचा फारसा उपयोग नाही. ट्यून२एफएस या कमांडनं शून्यावर आणा, फॉरमॅट करावं लागत नाही.

मधली_सुट्टी
झालं! एमडी० घरी आला. आणि २०० जीबी सापडले, जुन्या कोटाच्या खिशात नोट सापडावी तसे.

चिंचगूळ
आता अवांतर नाही, कामाचं लिहिते, कारण मी यात पोळलेय.

माझ्याकडेही दोन डिस्कांचा मिरर होता. छान चालत होता. इतका छान की मी त्याच्याकडे बघणंच सोडलं. एके दिवशी सगळंच बंद. नोंदी काढून बघितलं तर पहिली डिस्क आठ महिन्यांपूर्वीच मेली होती. आठ महिने मी एकाच डिस्कवर होते आणि मला वाटत होतं दोन आहेत. मिरर आपलं काम चोख करत होता, म्हणजे मला काही जाणवू देत नव्हता. दुसरी मेली तेव्हा जाणवलं.

एमडीएडीएम बिघाडाचा मेल पाठवतो, पण पायवर मेल बाहेर पाठवायची सोयच बहुतेकांनी केलेली नसते. ते पत्र पायच्याच पोटात पडून राहतं. माझ्या पायवर आठ महिन्यांची पत्रं होती, रोज एक. वाचताना कसं वाटलं सांगत नाही.

आता रोज सकाळी सातला पाय मला टेलिग्रामवर एक ओळ पाठवतो. बिघडलं तरच पाठव असं मी सांगितलेलं नाही. रोज पाठव. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी मी उठून बघेन.

एडिसनची_आत्या
@चिंचगूळ, तो रोजचा मेसेज मी आजच लावून घेते.

@मधली_सुट्टी, फोटो भरायच्या आधी चालू रेडमधून एक डिस्क मुद्दाम उपटून बघ. खरं संकट येईल तेव्हा ते पहिल्यांदा बघत असशील तर हात कापतील आणि चांगलीच डिस्क काढशील. आणि डिस्कांवर मार्करनं सिरियल नंबर लिही. तुझ्या बाबांची सवय आहेच.

मधली_सुट्टी
उपटली. (आधी देवाला नमस्कार केला.) एमडीस्टॅटमध्ये दोन यू दिसायचे त्यातला एक जाऊन तिथे आडवी रेघ आली, दात पडल्यासारखी. फायली मात्र उघडत होत्या. परत लावली, तर स्वतःहून आत घेतली नाही, री-ॲड करावं लागलं. बारा तासांची तयारी ठेवली होती, दोन मिनिटांत झालं!

टर्मिनलबुवा
ती बिटमॅपची कृपा. कुठल्या भागात लिहिणं चाललं होतं याची बारीक नोंद ठेवतो, त्यामुळे तेवढाच भाग जुळवतो. कोरी डिस्क घातली असती तर बारा तास सुटले नसते.

आणि आधीच सांगतो: महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे डिस्का आपोआप घरघरायला लागतील. डेबियन (पायचं लिनक्स ज्यावर बेतलंय ते) दोन्ही प्रती ताडून बघतो. भूत नाही.

मडगावकर
पावसाळ्याचे काय करणार? आमच्याकडे जून लागला की विजा अशा पडतात की टीव्हीची केबल काढून ठेवावी लागते. माझा पाय आणि डॉक दोन्ही एका लहान यूपीएसवर आहेत, आणि यूपीएसची बॅटरी उतरली की पायला स्वतःहून बंद व्हायला शिकवलंय. तरी गडगडाट सुरू झाला की मी लॅनची वायर काढतो. वीज फक्त विजेच्या तारेतूनच येते असे नाही.

परसदार
तीन आठवडे गप्प होतो. मूळ प्रश्न 'करावा की करू नये' होता. मधली_सुट्टी, शेवटी फोटो किती ठिकाणी आहेत? डिस्का किती ते नको, ठिकाणं सांगा.

मधली_सुट्टी
@परसदार, काल रात्रीपर्यंत एक. आज दोन.

पोर्टेबल डिस्कवर सगळं कॉपी केलं आणि ती घेऊन आज कराडला आलोय. तुमची तारखेच्या फोल्डरची युक्ती त्यातच बसवलीय, दर वेळी कराडला येताना नवी तारीख पडेल. मिररही ठेवतोय, कारण तो आता चालू आहे आणि मोडायचा जिवावर येतंय. पण तुम्ही भांडलात ते बरं झालं, नाहीतर ही डिस्क पुण्यातच मिररशेजारी पडून राहिली असती.

डिस्क कुठे ठेवू म्हणून बाबांना विचारलं, तर त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. वरच्या खणात निगेटिव्हचे डबे, प्रत्येकात सिलिका जेलची पुडी, बाहेर चिकटपट्टीवर वर्ष. म्हटलं एवढेच? तर म्हणाले, निम्मे ओगलेवाडीला आत्याकडे आहेत, पुराच्या भीतीनं आधीच नेऊन ठेवलेत. मी तीन आठवडे इथे लिहितोय आणि त्यांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

डिस्कवर त्यांनी मार्करनं लिहिलंय: 'सगळं. (मे २०१२ सोडून.)'

कृष्णाकाठ
मे २०१२ ची डिस्क टाकून देऊ नका. चुकचुकतेय म्हणजे आतला हेड गेला असणार, प्लेट शाबूत असू शकते. पुन्हा पुन्हा लावून बघू नका मात्र, प्रत्येक वेळी आत ओरखडा पडू शकतो. डेटा काढून देणारे असतात, खर्चिक आहे. आणि त्या सीझनची गिऱ्हाइकं आठवत असतील तर त्यांच्याकडं विचारा. अल्बमबरोबर सीडी द्यायचो आपण तेव्हा. कपाटात साडीखाली असते.

मधली_सुट्टी
हे डोक्यातच आलं नव्हतं! बाबा वही काढून बसलेत.

नवा_गडी
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझ्याकडे पाय झिरो आहे. त्याला एकच बारकं यूएसबी आहे. त्यावर चार डिस्कांचा रेड ५ होईल का?

एडिसनची_आत्या
मोबाइलचा चार्जर लावलाय का?

नवा_गडी
हो. कसं ओळखलंत?